जड कामाचा भत्ता

"मी यावर सही करणार नाही," एचआर मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कागद मालकांकडे सरकवला.

नळांच्या त्या कारखान्यात एचआर म्हणजे पूर्वी रजेचे अर्ज, वाढदिवसाचा केक आणि दोघं भांडले की त्यांना समोरासमोर बसवून चहा पाजणं. समान वेतनाचा कायदा आला आणि मॅडमच्या टेबलावर भलतंच काम येऊन पडलं. सारखं काम करणाऱ्या बाईला आणि पुरुषाला आमच्याकडे सारखाच पगार मिळतो, असं आता त्यांना सहीनिशी लिहून द्यायचं होतं. खोटं लिहिलं तर सरकार धरणार, खरं लिहिलं तर मालक घरी बसवणार.

आणि ते धडधडीत खोटंच होतं. पॅकिंगमध्ये एकाच टेबलावर पैलवान आणि त्याची बायको पेट्यांत नळ भरत. तिला सगळा कारखाना वहिनी म्हणे. पण पैलवानाला, सगळ्या पुरुषांप्रमाणे, वर जड कामाचा भत्ता मिळे. आता जड काम म्हणजे भरलेली पेटी गाडीपर्यंत नेणं, आणि ते वहिनीच करत. पेटीखाली पुठ्ठा सरकवायचा आणि पायाने ढकलत न्यायचं. पैलवान शेजारून "सांभाळून, सांभाळून" म्हणत चाले. भत्ता बहुधा त्या सांभाळूनचा असावा.

"पगार माझा घेता आणि बाजू त्यांची?" मालक म्हणाले.

"तुमचा घेते म्हणूनच तुम्हाला वाचवतेय. भत्ता सगळ्यांना द्या, आत्ता सही करते."

"काही गरज नाही. तपासणीला सरकारी अधिकारी बाई येतायत ना, त्यांना डोळ्यांनीच बघू दे जड काम काय असतं ते."

मालकांचं डोकं एकदा चालू झालं की आवरणं कठीण. नेहमीची पेटी किरकोळ दिसेल म्हणून त्यांनी एक पेटी पितळेच्या भंगाराने ठासून भरवली. अधिकारी बाई केबिनमध्ये मालक आणि मॅडमसमोर येऊन बसल्या, तसं मालकांनी पैलवानाला फर्मावलं, "उचलून आण रे आत."

पैलवानाने आयुष्यात एकच कुस्ती मारली होती, तीही शाळेत. पण मालक बघत होते, त्याहून वाईट म्हणजे बायको बघत होती. लालबुंद होत, फुगत तो कसाबसा दारापर्यंत आला आणि चौकटीतच त्याची पाठ धरली. पेटी दारात घट्ट अडकली आणि पैलवान तिच्यावर ओणवा.

"दुसऱ्या कुणाला तरी बोलवा," अधिकारी बाई घड्याळ बघत म्हणाल्या.

मालकांनी हाका मारल्या. बाकीचे पुरुष आले, त्यांनी पैलवानाकडे पाहिलं आणि एकेकाला आपापली जुनी दुखणी आठवली. केबिनला दुसरं दार नव्हतं. खिडकीला गज होते, ते मालकांनीच हौसेने बसवून घेतले होते.

शेवटी पैलवानाच्या पाठीवरून डोकावत मालक म्हणाले, "वहिनी, जरा तुमचा तो पुठ्ठा आणा बघू."

वहिनींनी पुठ्ठा आणला आणि हातातच धरून ठेवला. "मी कशी हलवू, साहेब? माझं काम हलकं. हे जड."

"अगं, मी मरतोय इथं," पैलवान कण्हला.

"तुम्हाला त्याचा भत्ता मिळतो. पाठ घरी गेल्यावर चोळीन, ते काम आपलं फुकटच असतं."

"वहिनी, वेळ काय, तुम्ही बोलताय काय?" मालक वैतागले. "रोज तर हलवता."

अधिकारी बाईंनी पेनचं टोपण काढलं. "रोज?"

"म्हणजे, अधूनमधून."

"रोज," पेटीवरून आवाज आला. "रोज तीच ढकलते. मी नुसता बरोबर चालतो."

लग्न झाल्यापासून नवऱ्याने चारचौघांत आपली बाजू घेतलेली वहिनींनी पहिल्यांदाच ऐकली. त्यांना बरं वाटलं. पण म्हणून त्या पुठ्ठा खाली ठेवतील असं समजायचं कारण नव्हतं.

"बरं, बरं, दिला भत्ता," मालक हात जोडून म्हणाले. "सगळ्या बायकांना दिला. आता तरी हलवा."

मॅडमनी कोरा कागद पुढे ओढला. या कागदावर सही करायला त्यांची काहीच हरकत नव्हती. "कधीपासून लिहू, सर?"

"लिहा, पुढच्या महिन्यापासून."

वहिनींनी पुठ्ठा काखेत मारला आणि त्या आपल्या पॅकिंगच्या टेबलाकडे वळल्या.

"मग पेटीचं पुढच्या महिन्यात बघू."