वरचा स्वल्पविराम

भिकननानांनी उजव्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलं आहे. सुपारी सोलायला नाही, पाठ खाजवायला नाही. छापील कागदावरचा वरचा स्वल्पविराम खरवडून काढायला.

वरचा स्वल्पविराम म्हणजे शब्दाच्या डोक्यापाशी लटकणारं ते एकेरी अवतरणचिन्ह. तुम्हा-आम्हाला ते दिसतही नाही. नानांना ते कागदावर बसलेल्या विंचवासारखं दिसतं. लग्नपत्रिका हातात पडली की वधूवरांची नावं वाचायच्या आधी ते तिच्यावरून नख फिरवतात. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक ब्युटी पार्लर आहे. त्याच्या इंग्रजी पाटीवर मालकिणीच्या नावाला असंच एक चिन्ह लटकलेलं होतं. मे महिन्यातल्या एका दुपारी, जळगावात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही अशा वेळी, नाना स्टुलावर चढून त्या चिन्हावर काळी चिकटपट्टी लावताना दिसले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मालकीण दार उघडून बाहेर आली.

"अहो नाना, काय करताय?"

"दार लावतोय," नाना म्हणाले, आणि स्टूल उचलून निघून गेले.

मालकिणीने ती चिकटपट्टी अजून काढलेली नाही. का, असं मी विचारलं तर म्हणाली, "काढायला गेले होते गं. पण ज्या तोंडानं ते बोलले ना..." आणि तिने दंडावरचा काटा दाखवला.

माझी आणि नानांची गाठ पडणारच होती, कारण मी पत्रकं काढते. आमच्या घरात पाळण्याच्या आधी सायक्लोस्टाइल मशीन आलं, असं आई सांगते. आणि पत्रक लिहिणाऱ्याचं सगळ्यात लाडकं हत्यार म्हणजे नेमकं हेच चिन्ह. विकास हा शब्द नुसता लिहिला तर ती सरकारी जाहिरात होते. त्याच्या दोन्ही बाजूंना ही चिन्हं टांगा, शब्दाची अब्रू गेलीच म्हणून समजा. पाणीटंचाईवरच्या माझ्या पत्रकात मी जवळजवळ प्रत्येक ओळीत कोणाची ना कोणाची अशी अब्रू घेतली होती.

दुसऱ्या दिवशी नाना ते पत्रक घेऊन दारात उभे. कागदाची चाळणी झाली होती.

"हाई तुनं शे का?"

"हो. का?"

"कितला चिन्ह टांगेल शेत! बठ्ठा दरवाजा उघडा. झोप लागस का तुले?"

"नाना, हा कागद आहे."

"आज कागद शे. उद्या कोनी डब्बामा टाकी दी."

बठ्ठा म्हणजे सगळा, डब्बा म्हणजे कॉम्प्युटर. नाना मूळचे पारोळ्याकडचे. नोकरीतली त्यांची मराठी अगदी नीटस, पण भीती वाटली की ते अहिराणीत शिरतात. त्या दिवशी ते बराच वेळ अहिराणीतून बाहेर आले नाहीत.

मी त्यांना बसवलं, चहा दिला. तेवढ्यात त्यांच्या कापडी पिशवीत फोन वाजला. फोन म्हणजे संदेश आल्याचा एकच टुणका. नानांचा मोबाईल तर समोर टेबलावर होता. त्यांनी पिशवीतून दुसराच, जुना बटणांचा फोन काढला, डोळ्यांजवळ धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. "चुकीचं शे," ते पुटपुटले, "चुकीचं शे." फोन पुन्हा पिशवीत गेला.

या दुसऱ्या फोनबद्दल कॉलनीत बरंच बोललं जातं. त्यावरून नाना कोणाला फोन करत नाहीत, त्यावर त्यांना कोणाचा येत नाही, तरी दर महिन्याला ते सलीमभाईंच्या दुकानात जाऊन त्याचा रिचार्ज मारतात. "नाना, किसका फोन आनेवाला है?" असं सलीमभाई दर वेळी विचारतात. नाना दर वेळी सुटे पैसे मोजत राहतात. नानांना वरून फोन येतो, असं शेजारच्या काकूंचं ठाम मत. वरून म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून नव्हे.

पुढे नाना रोज संध्याकाळी येऊ लागले. माझं लिखाण तपासायला, म्हणजे खरवडायला. एकदा मी चिडून विचारलं, की या टिकलीएवढ्या चिन्हाने तुमचं घोडं मारलंय तरी काय? तेव्हा त्यांनी सांगितलं.

नाना इथल्या एका रक्तपेढीत कॉम्प्युटर सांभाळायचे. रक्तदात्यांची नावं, पत्ते, रक्तगट हे सगळं ओळींत आणि रकान्यांत राखून ठेवणारा प्रोग्रॅम तिथल्या सर्व्हरवर होता, अजून आहे. नाना त्याला राखणदार म्हणतात.

"इमानी आहे, पण डोकं कमी," नाना म्हणाले. "तुम्ही चौकटीत नाव लिहिलं, की तो नावाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक वरचा स्वल्पविराम ठोकतो. दोन खुंट्या. खुंट्यांच्या मधलं ते नाव. बाहेरचं तो हुकूम समजतो आणि पाळतो. आता कोणी नावातच खुंटी लिहिली तर?"

"तर?"

"त्याला वाटतं नाव संपलं. पुढचं सगळं हुकूम."

"मग त्याला शिकवा की, नाना."

"शिकवलेलं आहे. नावात खुंटी दिसली की तो तिला टोपी घालतो, म्हणजे ती खुंटी राहत नाही. पण माय, तुटकं अक्षर आलं ना..." नानांनी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. तरी त्यांनी आवाज खाली आणला. "अर्धं मोडलेलं अक्षर. त्याच्या आड खुंटी लपली, तर तो टोपी घालायला विसरस. बनवणाऱ्या कंपनीनंच कबूल करेल शे. चोर बाहेर नही. राखणदारना डोकामाच चीर शे."

आणि मग ती सकाळ. नाना नेहमीसारखे कामावर गेले, स्क्रीन उघडला. पहिली ओळ पाटील, बी पॉझिटिव्ह. दुसरी शेख, बी पॉझिटिव्ह. तिसरी तडवी, बी पॉझिटिव्ह. नाना खाली खाली जात राहिले. सोनवणे, बी पॉझिटिव्ह. जैन, बी पॉझिटिव्ह. ज्यांचा रक्तगट नानांना पाठ होता, ज्यांना त्यांनी आडवेळी फोन करून बोलावलं होतं, तेही बी पॉझिटिव्ह. नानांनी स्वतःचं नाव शोधलं. बी पॉझिटिव्ह. नाना ओ आहेत. क्षणभर त्यांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं म्हणे, आत काही बदललंय का ते.

कोणीतरी, कुठूनतरी, नाव नोंदवायच्या पानावर नावाच्या जागी एक तुटकं अक्षर, एक खुंटी आणि एक हुकूम लिहिला होता. चोरलं काहीच नाही. मागितलं काहीच नाही. कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मला मात्र ऐकताना भलतंच स्फुरण चढलं. आमच्या बाबांच्या पहिल्या पत्रकाचा मथळाच होता, रक्ताला जात नसते, सगळ्यांचं रक्त एक! मी म्हणाले, "वा नाना! बाबा जन्मभर ओरडले ते तुमच्या कॉम्प्युटरनं एका रात्रीत केलं!"

नाना हसले नाहीत. "माय," ते म्हणाले, "बठ्ठासनं रगत खरंच एक व्हयनं ना, तर मानूस मरस."

पिशव्यांवर चिठ्ठ्या होत्या, रक्त देण्याआधी ते हाताने जुळवून पाहायची पद्धत होती, आणि आदल्या दिवशीची प्रत जपलेली होती, म्हणून कोणाला काही झालं नाही. दुपारपर्यंत सगळ्यांचं रक्त जागेवर आलं. पण त्या चिन्हाला रक्तपेढीत बंदी झाली. नावाच्या चौकटीत ते लिहिताच येणार नाही, आणि आधी लिहिलेलं असेल तिथून पुसून टाकायचं, असा हुकूम नानांनी स्वतःच्या हाताने राखणदाराला दिला.

"कितीजणांच्या नावातून पुसलं गेलं?" मी विचारलं.

"एकाच."

भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या रोझी डि'मेलो. शाळेत पेटी शिकवायच्या. ओ निगेटिव्ह. नानांनी फोन केला की मिळेल त्या गाडीने जळगावला यायच्या, रक्त द्यायच्या, आणि नंतर मिळणाऱ्या बिस्किटांपैकी एक नानांच्या टेबलावर ठेवून जायच्या. पुसापुशीनंतर त्यांना मिळालेल्या कार्डावर नाव नुसतं सपाट, डिमेलो. त्या कार्ड घेऊन आल्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "नाना, हे माझ्या वडिलांचं नाव नाही. हे दुसऱ्याच कोणाचं आहे."

नानांनी शब्द दिला, की कंपनीचं ठिगळ लागलं, की मी स्वतः नीट करतो. ठिगळ म्हणजे राखणदाराच्या डोक्यातली ती चीर बुजवणारी दुरुस्ती. ते कंपनीने केव्हाच पाठवलं होतं, फुकट. ते लावायचं तेवढं राहिलं होतं. नाना निवृत्त झाले तरी राहिलंच होतं.

रक्तपेढीचे व्यवस्थापक देवरेसाहेब भला माणूस. पण त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं, "चाललंय ना? मग हात कशाला लावायचा?" नाना दर आठवड्याला जायचे. देवरेसाहेब चहा पाजायचे आणि हे वाक्य ऐकवायचे.

माझं रक्त तापलं. त्याचा गट कोणताही असो. मी बसल्या बैठकीला पत्रक लिहिलं. मथळा, रक्तपेढीचं दार उघडं! खाली चीर कुठे आहे, तुटकं अक्षर कसं काम करतं, सगळं. जनतेपासून काही लपवायचं नाही, हे मी दुधाबरोबर प्यायले आहे. गठ्ठे छापून आले, आणि नाना त्यांच्यावर चक्क बसले.

"उठा नाना. लोकांना कळलंच पाहिजे."

"कळू दे. पन आधी मझार, साहेबले सांग, मग गावले सांग. दार उघडं शे असं चौकमा बोंबललं तर पहिला कोन येस? जनता का चोर?"

आमचं कडाक्याचं वाजलं. मी त्यांना घाबरट म्हटलं, त्यांनी मला भोंगा म्हटलं. शेवटी तोडगा त्यांचाच निघाला. आम्ही गठ्ठा नेऊन देवरेसाहेबांच्या टेबलावर ठेवला.

"गणपती बसायच्या आत ठिगळ लागलं तर ही रद्दी," मी म्हणाले. "नाही लागलं तर वाटणार."

"ही धमकी आहे का ताई?"

"नाही साहेब, प्रूफ आहे. चुका असतील तर सांगा."

देवरेसाहेबांनी दोनदा वाचलं. प्रूफात चूक नव्हती. तसं राखीपौर्णिमेच्या आतच ठिगळ लागलं, आणि ठरल्याप्रमाणे मी माझा गठ्ठा स्वतः फाडला. फाडताना जिवावर आलं, हे खरं.

चिन्हावरची बंदी उठली. ठिगळ लागलेल्या राखणदारासमोर पहिली खुंटी कोणी लिहायची, हे ठरलेलंच होतं. बाहेर पावसाळ्यातला चिकट उकाडा, आणि सर्व्हरच्या खोलीत बोटं आखडावीत अशी थंडी. भिंतीपलीकडे रक्ताची फ्रीजं घुमत होती. देवरेसाहेब उगाच रुमालाने कपाळ पुसत होते. नानांनी रोझीबाईंची नोंद उघडली. डि लिहिला. मग तो नखवाला अंगठा बराच वेळ त्या बटणावर तरंगत राहिला. शेवटी टक. नाव पूर्ण केलं आणि जतन केलं.

त्या नावाकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते सरळ यादीत शिरले. पाटील, ए. शेख, ओ. तडवी, बी. सोनवणे, एबी निगेटिव्ह. नाना मोठ्याने वाचत होते, शाळेत हजेरी घेतात तसे. "येगळं शे," ते म्हणत होते. "बठ्ठासनं येगळं येगळं शे."

तेवढ्यात त्यांच्या पिशवीत टुणकन वाजलं.

देवरेसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. नानांनी तो बटणांचा फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. प्रिय रोझी डि'मेलो, आपली माहिती बदलण्यात आली आहे.

"नाना, हा फोन त्यांचा आहे?"

"तिना शे." नाना स्क्रीनकडे पाहत म्हणाले. "गेल्या त्या. दुसरा पाऊस हा. फोनमधे नंबर तीनच होते. गॅसवाला, चर्च आणि ब्लडनाना. मागे कोणी नाही. गॅसवाल्यानं फोन ठेवायला नाही म्हटलं. फादर म्हणाले, तुम्हीच ठेवा." फोनच्या बटणांवरून अंगठा फिरवत म्हणाले, "दर तीन महिन्यांनी हा डबा त्यांना बोलावतो, आपण पुन्हा रक्तदान करू शकता म्हणून. दर वेळी चुकीच्या नावानं. मला ते बघवत नव्हतं."

"म्हणजे तुम्ही ऑफिसला कळवलंच नाही?" देवरेसाहेबांनी विचारलं.

"कळवलं असतं तर तुम्ही नोंद बंद केली असती. बंद नोंदीत बदल करता येत नाही. चुकीचं नाव कायमचं राहिलं असतं."

मग नानांनी निधनाच्या चौकटीत खूण केली. कॉम्प्युटरने विचारलं, ही नोंद कायमची बंद होईल, नक्की? नानांनी हो म्हटलं. आम्ही तिघं त्या फोनकडे पाहत उभे राहिलो. तो वाजला नाही. नानांनी तरी तो थोडा वेळ कानाला लावून पाहिला.

पुढच्या महिन्यात मी सलीमभाईंच्या दुकानात उभी होते. नाना आले, बटणांचा फोन काउंटरवर ठेवला, सुटे पैसे मोजू लागले. मला राहवलं नाही.

"नाना, आता तर यावर काहीच यायचं नाही."

"माले माहीत शे," नाना म्हणाले. त्यांनी पैसे सलीमभाईंकडे सरकवले. "पन एक दार उघडं राहू दे."