पहिल्या रांगेचा तक्ता

रोमच्या हॉटेलबाहेर सकाळी बस लागली आणि चिंतामणराव त्रिलोकेकर सगळ्यांच्या आधी तिच्यात चढले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या दोन्ही सीटांवर लाल चौकड्यांचा एक टॉवेल पसरलेला होता. त्यांनी बोट लावून बघितलं. टॉवेल ओला होता. म्हणजे त्याने सकाळी कुणाचं तरी अंग पुसलं होतं आणि आता तो जागा धरून बसला होता.

"हा कुणाचा?" त्यांनी टूर मॅनेजर मयूरला विचारलं.

"गुणाजीकाकांचा असणार. ते नाश्त्याला गेलेत."

"गुणाजी नाश्त्याला आणि टॉवेल रोम बघायला?"

"काका, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसा ना. तिथूनही मस्त दिसतं."

'तिथूनही मस्त दिसतं' असल्या भाषेला चिंतामणराव कधीच भुलले नव्हते. विमा कंपनीच्या आस्थापना विभागात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. दिवाळीची रजा कुणाला आणि पंख्याखालचं टेबल कुणाला, हे तेच ठरवत. निवृत्त झाल्यावर ठरवण्यासारखं काही उरलं नाही. घरी ठाकूरद्वारला भाजी कुठली हेसुद्धा बायको ठरवत असे. त्यामुळे हा ओला टॉवेल बघून ते संतापले, आणि खरं सांगायचं तर मनातून थोडे सुखावलेसुद्धा.

बसमध्ये छत्तीस माणसं होती आणि सगळी गिरगाव ते दादर या पट्ट्यातली. घरी असताना ज्यांना टाळायला माणूस रस्ता ओलांडतो, नेमकी तीच माणसं बघायला सगळे सहा हजार किलोमीटर आले होते. टूर कंपनीने 'रोज घरच्यासारखं जेवण' असं वचन दिलं होतं. भांडणं घरच्यासारखी मिळतील हे पत्रकात छापलेलं नव्हतं, पण तीही वेळेवर आणि गरम मिळाली.

चिंतामणरावांची पत्नी बेबीताई या सगळ्यापासून लांब होत्या. गिरगावातल्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं चित्रकला शिकवली होती. शाळेच्या कपाटात प्लॅस्टरचं एक नाक, एक कान आणि एक डोळा होता. तिन्ही अवयव फ्लॉरेन्सच्या डेव्हिडच्या संगमरवरी पुतळ्याचे. दर वर्षी मुलींकडून त्यांनी त्यांची चित्रं काढून घेतली. "नाक, कान, डोळा झाला," त्या म्हणत, "आता अख्खा माणूस एकदा बघायचाय." बाकीची इटली त्यांना नाही दाखवली तरी चालणार होती. चिंतामणरावांनाही हे ठाऊक होतं. आयुष्यात एकदा तरी बायकोला तिच्या मनातलं काही आपण स्वतः दाखवावं, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. फक्त बायकोने पहिल्या रांगेत बसून फ्लॉरेन्सला पोचावं असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

"टॉवेल काढा," नाश्ता करून आलेल्या गुणाजींना त्यांनी फर्मावलं.

लालबागचे गुणाजी पेडणेकर तरुणपणी गिरणीत होते. मुलाने, विनीतने, आईवडलांना हौसेने टूरवर पाठवलं होतं. "काढतो की साहेब," ते म्हणाले, "पण आता तर मीच बसतोय. हिला गाडी लागते." आणि टॉवेल घडी करून त्यांनी तो बायकोच्या, रमाबाईंच्या मानेखाली दिला.

त्या दिवशी कोलोसियमसमोर गाइड बाई रोमन साम्राज्याचा ऱ्हास सांगत होती आणि चिंतामणराव माहितीपत्रकाच्या पाठीमागे तक्ता आखत होते. अठरा जोड्या, पहिल्या रांगेत जागा एकाच जोडीला (पलीकडे मयूर), बसचे दिवस अकरा. म्हणजे सात जोड्या कोऱ्याच राहणार. हा अन्याय त्यांना सहन होईना. उपाय एकच: जागा दिवसातून दोनदा बदलायच्या. जिथे एके काळी माणसं सिंहांपुढे सोडत, त्या भिंतीच्या सावलीत छत्तीस मराठी माणसांनी हात वर करून ठराव संमत केला. कोलोसियम आतून बघायचा राहिला, पण कुणी तक्रार केली नाही. न्याय मिळाला होता.

नियमही ठरले. टॉवेल, रुमाल, पर्स आणि खाकऱ्याचं पाकीट यांना माणूस समजलं जाणार नाही. बसमध्ये चढल्यावर पंधरा मिनिटांहून जास्त वेळ जागा रिकामी राहिली, तर हक्क बाद. ही शेवटची पाचर गुणाजींसाठी मारलेली होती.

"आणि फ्लॉरेन्सला जाताना पुढे कोण?" दादरच्या सुभद्राबाईंनी चष्मा चढवून तक्ता बघितला. त्या बहिणीबरोबर आल्या होत्या आणि तक्ता नीट वाचणाऱ्या त्या एकट्याच होत्या. "त्रिलोकेकर. फ्लॉरेन्सहून व्हेनिसला? पुन्हा त्रिलोकेकर?"

"दुपारची पाळी आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ लागून आली. आकडे आहेत ते, मी काय करणार?"

"आकडे बरे तुमच्याच वळणावर गेले."

तक्ता अमलात आला आणि बसमध्ये दिवसातून दोनदा घर बदलल्यासारखा गोंधळ सुरू झाला. मानेच्या उशा, शाली, औषधांचे डबे, लोणच्याच्या बरण्या घेऊन छत्तीस माणसं एकाच अरुंद वाटेने एकमेकांना ओलांडू लागली. एका अदलाबदलीला पंचवीस मिनिटं लागत. पिसाला त्यामुळे इतका उशीर झाला की मनोऱ्यासाठी बारा मिनिटं उरली. मनोरा कललेला आहे, एवढी खात्री करून सगळे परतले आणि नव्या जागांवरून भांडले.

"साहेब, तुमचा नियम बरोबर आहे," गुणाजी अजिजीने म्हणाले, "पण हिला मागे बसवलंत तर ही ओकणार. मग नियमाचं काय ते तुम्हीच पुसा."

"वैद्यकीय कारण असेल तर सर्टिफिकेट लागेल," चिंतामणराव म्हणाले. चौतीस वर्षं या वाक्याने भलेभले गार झाले होते.

गुणाजी गार झाले नाहीत. त्यांनी विनीतला फोन लावला. "अरे, डॉक्टराक सांग, आवशीक गाडी लागता म्हणून लिवन दी." वीस मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट आलं. डॉक्टरांनी लालबागेत बसून रमाबाईंना इटलीत तपासलं होतं.

हे बसने पाहिलं आणि पुढच्या थांब्यापर्यंत अकरा सर्टिफिकेटं जमली. ठाकूरद्वार, दादर, नायगाव, परळ, सगळीकडचे फॅमिली डॉक्टर कामाला लागले होते. एकाला पाठीच्या दुसऱ्या मणक्यामुळे पहिलीच रांग आवश्यक होती. एकाला मागे बसल्यास नैराश्य येण्याचा संभव होता. सुभद्राबाईंच्या सर्टिफिकेटात 'मान वळवू नये, फक्त समोर पाहावे' असं लिहिलेलं होतं.

"ही छाननी समितीकडे जातील," चिंतामणरावांनी जाहीर केलं.

"समिती कुठाय?"

"नेमू."

फ्लॉरेन्सच्या वाटेवर जेवणाला बस थांबली तेव्हा समिती नेमायची सभा भरली. डेव्हिडच्या संग्रहालयाची वेळ सव्वाचारची मिळालेली होती. मयूर घड्याळ दाखवत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता. "काका, प्लीज, जेवून लगेच निघू या, तिकीट वेळेचं आहे!"

"दोन मिनिटं. मुद्दा तत्त्वाचा आहे."

मुद्दा तत्त्वाचा असल्याने त्याला पाऊण तास लागला. अध्यक्ष कोण यावर गिरगाव विरुद्ध दादर असे दोन तट पडले. अखेर चिंतामणराव अध्यक्ष झाले, अकराही अर्ज प्रलंबित ठेवून ते बेबीताईंसह पहिल्या रांगेत बसले आणि म्हणाले, "चला." पण ड्रायव्हर ब्रुनो हलेना. सभा लांबलेली बघून त्याने आपली सक्तीची विश्रांती आत्ताच सुरू केली होती. तिची अजून अर्धी मुदत बाकी होती आणि ती मोडली तर त्याचा परवाना जाईल, असं मयूरने सांगितलं. नियम म्हटल्यावर चिंतामणरावांनी मान डोलवली.

संग्रहालयाच्या दारात ते पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. दारावरच्या माणसाने तिकीट बघितलं, घड्याळाकडे बोट केलं आणि हात आडवा हलवला. बेबीताईंनी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

"हे बघ, चौकात अगदी तसाच एक उभा आहे," चिंतामणराव घाईघाईने म्हणाले आणि त्यांना मोठ्या चौकात घेऊन गेले. "हा बघ तुझा डेव्हिड!"

"ही नक्कल आहे."

"उंची तीच आहे गं. आणि हा मोकळ्या हवेत आहे."

"याच्या डोक्यावर कबुतर बसलंय," बेबीताई म्हणाल्या आणि बसच्या दिशेने चालू लागल्या. वाटेत रमाबाईंनी त्यांना काहीतरी विचारलं. त्यावर त्या बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिल्या आणि गुणाजी मागून मान डोलवत ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी व्हेनिसला निघण्याआधी सकाळचे दोन तास चामड्याच्या दुकानासाठी राखून ठेवलेले होते. मनोऱ्याला बारा मिनिटं आणि पर्सेसना दोन तास, हा हिशेब टूर कंपनीला कधी चुकलेला नाही. बस नदीकाठच्या तळावर लागली. सगळे दुकानात गेले. चिंतामणराव जागचे हलले नाहीत, कारण सकाळची पाळी त्यांची होती आणि पंधरा मिनिटांचा नियमही त्यांचाच. बेबीताई मात्र "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून उतरल्या.

बसच्या पायरीवर सुभद्राबाई उशी काखेत धरून उभ्या होत्या. "तुमच्या मिसेस जाऊन वीस मिनिटं झाली. एक सीट बाद."

"दांपत्य हे एकच युनिट आहे," अध्यक्षांनी निर्णय दिला आणि ते दोन्ही सीटांच्या मधोमध सरकून बसले.

सुभद्राबाई हलल्या नाहीत. दुकानातून कंटाळून परतणारेही एकेक करून त्यांच्यामागे उभे राहिले. दहा वाजायला आले तेव्हा बेबीताई परत आल्या. त्यांचे केस सुटले होते, चेहरा लाल झाला होता आणि त्या जवळजवळ पळत होत्या. मागे गुणाजी आणि रमाबाई होते.

"अहो, बघितला!" खालूनच त्या ओरडल्या. "अख्खा! मान कशी वळलीय, हातावरच्या शिरा दिसतात हो! मी रडले. तिथे सगळ्यांसमोर रडले."

"कुठे? कसा? तिकीट..."

"माणसांची लाइन होती, दुसरं काय," गुणाजी म्हणाले. "वीस वर्षं गणपतीच्या मंडळात लाइनच सांभाळली साहेब. दारावरच्याला कालची तिकिटं दाखवली, हात जोडले, ह्यांच्याकडे बोट केलं, म्हटलं टीचर, टीचर. सोडलान त्यानं. वर म्हणाला, कालचे बाकीचे असतील तर साडेअकरापर्यंत आणा."

"पोरगो अंगान बरो आसा," रमाबाई म्हणाल्या, "पण आवशीन एक चड्डी तरी घालूक व्हयी होती."

सगळे हसले. चिंतामणराव हसले नाहीत. जी गोष्ट त्यांना दाखवायची होती, ती लालबागच्या माणसाने हात जोडून दाखवली होती, आणि ते त्यांना फार लागलं. "मला का नाही बोलावलंस?" त्यांनी विचारलं.

"तुमची ड्यूटी होती ना." बेबीताईंच्या बोलण्यात राग नव्हता. त्या पायरीवर चढून आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "चला ना आता. दहा मिनिटं चालायचं. मी दाखवते तुम्हाला."

चिंतामणरावांनी त्या हाताकडे बघितलं. मग सुभद्राबाईंकडे बघितलं. सुभद्राबाईंनी काखेतली उशी किंचित वर घेतली.

"जागा जाईल गं," ते म्हणाले.

बेबीताईंनी हात मागे घेतला. मग वळून म्हणाल्या, "सुभद्राताई, तुम्ही येता?"

सुभद्राबाईंनी पहिल्या रांगेकडे बघितलं, बेबीताईंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि उशी बहिणीच्या हातात दिली. बहिणीने ती मागच्या सीटवर टाकली आणि तीही निघाली. मणकावाले निघाले, नैराश्यवाले निघाले. मयूरने फोन करून व्हेनिसची वेळ पुढे ढकलली. पुढे गुणाजी हात वर करून "लाइन सोडू नका, लाइन सोडू नका" असं ओरडत होते. त्यांच्याबरोबर चालत बेबीताई हवेत बोटाने एक मोठी रेघ काढून काहीतरी समजावत होत्या. बघता बघता सगळे कोपऱ्यावरून वळले.

बस रिकामी झाली. चिंतामणराव एकदा उठले. दारापर्यंत गेले. घड्याळ बघितलं, जाऊन-येऊन किती मिनिटं होतील त्याचा मनात हिशेब केला आणि परत येऊन बसले.

थोड्या वेळाने ब्रुनो कॉफीचा कप घेऊन आला. एकटे बसलेले चिंतामणराव बघून त्याने हातवारे करून विचारलं, तुम्ही नाही गेलात?

"माय सीट," चिंतामणराव म्हणाले. "फ्रंट व्ह्यू."

ब्रुनोने बाकीच्या पस्तीस रिकाम्या जागांकडे बघितलं. मग तो आपल्या जागेवर बसला, आणि भला माणूस म्हणून त्याने वायपर चालू करून समोरची काच स्वच्छ पुसून दिली. पुढे उभ्या असलेल्या दुसऱ्या बसची पाठ आता अगदी स्पष्ट दिसत होती.