बारा पाकळ्यांचा निबंध

निबंध लिहून आठ दिवस झाले तरी कोलशेतचे परशुराम मास्तर तो ठाण्याला पाठवेनात, तेव्हा मिठागरावर राबणारा भिवा त्यांच्या ओटीवर येऊन बसला.

"मास्तर, लिवून झाला ना? मंग आता काय ऱ्हायला?"

"शोभा राहिली रे."

कोलशेतची एकुलती विहीर खाडीच्या भरतीबरोबर खारी होई. फाल्गुनापासून बायका दीड कोसावरून पाणी आणत. ठाण्याच्या एका ज्ञानसभेने जाहीर केलं होतं, की ज्या गावाचा पाण्यावरचा निबंध उत्तम, त्या गावाला नव्या विहिरीसाठी सभा कलेक्टरसाहेबांकडे शिफारस करील. निकाल हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी. मास्तरांनी वर्षभर, दर महिन्याला शेरभर पाणी आटवून तळाचं मीठ सोनाराच्या काट्यावर तोललं होतं. मजकूर आठ पानांचा, मुद्देसूद. तिथेच हात थांबायला हवा होता.

पण सभेचे अध्यक्ष रावसाहेब पडले भाविक, आणि मास्तर कीर्तनाचे वेडे. साधं वाक्यसुद्धा बुवांच्या गळ्यातून आलं की काळजाला भिडतं, मग टाकाने थोडं गायलं तर कुठे बिघडलं? त्यांनी लांबट सुटी पानं कापली. भोवती हिंगुळाच्या दुहेरी रेघा ओढल्या, मथळे तांबड्या शाईने काढले, चुकलेल्या अक्षरांवर हरताळ लावला. प्रकरण संपलं की ‘इति जलनिर्णये प्रथमोऽध्यायः’. मिठाचं कोष्टक फार रुक्ष दिसत होतं, म्हणून त्याचं कमळ केलं. बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या, मीठ जास्त तितकी पाकळी लांब, आणि मधोमध विहीर म्हणून एक वर्तुळ.

"येवरा कनाला सजवताव?" भिवा म्हणाला. "पानी खारा हाय, इहीर पायजे. दोन वलींचा काम."

"दिसण्यालाही किंमत असते, भिवा."

"आसंल. पन आमची घरवाली दिसभर नटत बसली त पानी कोन आनील?"

मास्तरांनी ते मनावर घेतलं नाही. निबंध मळू नये म्हणून तांबड्या फडक्यात बांधला आणि भिवाच्याच हाती पाठवला.

रावसाहेब बाहेर गेले होते. दार उघडलं त्यांच्या मातोश्रींनी, आवडाबाईंनी. मास्तरांनी पाठवलंय, एवढंच सांगून भिवा परतला. बाईंनी तांबडं फडकं सोडलं, सुटी पानं पाहिली, हिंगुळाच्या रेघा पाहिल्या. कमळ पाहिल्यावर तर त्यांनी हातच जोडले. "अगं बाई, यंत्र!" म्हणून त्यावर हळदकुंकू वाहिलं. त्यात चैत्र आणि वैशाखाचं मीठ झाकून गेलं. पोथी देवघरात गेली.

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी मास्तर चौकशीला आले.

"ओवळ्याने पुढे येऊ नका हो!" आवडाबाई आतून ओरडल्या. "तुमच्या पोथीचा सप्ताह बसवलाय. सहदेवबुवा वाचतायत."

"रावसाहेब," मास्तर कळवळून म्हणाले, "तो निबंध आहे."

"काय सांगता! निबंध असा असतो? बाकी गावांचे आलेत ना, वाण्याच्या कागदावर."

"एकदा वाचा तरी."

"सप्ताह उठू दे. आईचं पारायण मोडायचं पाप माझ्या हातून व्हायचं नाही."

सप्ताह उठला तो हनुमान जयंतीच्या सकाळी, सहदेवबुवांच्या कीर्तनाने. बुवांनी निरूपणाला मास्तरांचाच दुसरा अध्याय घेतला. "देह ही विहीर, मंडळी! वासनेची भरती आली, की भल्याभल्यांचं पाणी खारं होतं!" मृदंग घुमला. बाया पदराने डोळे पुसू लागल्या. मास्तरांना उठून ओरडायचं होतं, की अहो, ही विहीर खरीच आहे, तिच्यापायी गावच्या सुना वाकल्यात. पण बुवांनी असा आलाप घेतला, की मास्तरांचे हात आपसूक टाळी धरू लागले. आपलेच शब्द ऐकून त्यांचेही डोळे भरून आले. तेवढ्यात आरती झाली.

दुसऱ्या दिवशी शिफारस भिवंडीकडच्या एका गावाला गेली.

"तुमचा निबंध शेवटपर्यंत आलाच नाही, मास्तर," रावसाहेब हळहळले. "पोथी मात्र अपूर्व हं!"

पोथीतली विहीर कोलशेतात आहे, हे कळायला वेळ लागला नाही. वैशाखात ठाण्याहून बैलगाड्या सुटल्या. रावसाहेबांनी काठ बांधून दिला, वर घुमटी उभी राहिली. लोक ओंजळभर पाणी पीत, तोंड वेडंवाकडं करीत आणि "काय प्रभाव आहे!" म्हणत.

मास्तरांनी मग रावसाहेबांना साध्या कागदावर, काळ्या शाईने, दोनच ओळी लिहिल्या. कोलशेतचे पाणी खारट आहे. गावास नवी विहीर हवी.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. मास्तर ओटीवर वाचू लागले. भिवा शेजारीच बसला होता.

‘आपला अर्ज पोचला. तीर्थास खारट म्हणणे आपल्यासारख्या भाविकास शोभत नाही. तसेच अर्जास समास सोडलेला नाही, वर श्रीकारही नाही. असा कागद सभेपुढे ठेवता येत नाही.’

"काय म्हनतान?" भिवाने विचारलं.

मास्तरांनी कागदाची घडी घातली. समोरून भिवाची बायको तुळसा रिकाम्या कळश्या घेऊन चालली होती. मास्तर उठले, आत जाऊन घरातली कळशी खांद्यावर घेऊन आले, आणि मान खाली घालून तिच्यामागून दीड कोसाच्या वाटेला लागले.