थामबाबांची चव गेली, त्याची हकीकत

श्री. चुलींतल्या अग्नीस आणि मेजावर वाट पाहणाऱ्या भुकेल्यांस नमन करून लिहितों ऐसें जे. शके १९०९ प्रभवनाम संवत्सरीं छावणीच्या सडकेवर चिनी खाण्याची एक दौलत नांदत होती. बारा मेजें, लाल कागदी कंदील, आणि धनी थाम वाहसेंग, ज्यांस सारा गांव थामबाबा म्हणे. बाबांनीं मुलूख सोडून येथें येऊन छत्तीस वर्षें स्वहस्तें कढई चालविली, आणि कोणाचें लग्न ठरो, कोणाचें मूल परीक्षेंत उतरो, लोक येथेंच सूप प्यावयास येत. थोरली लेक सूलान बाबांच्या उजव्या अंगास उभी राहोन हुन्नर शिकली, आणि धाकटे चिरंजीव किटमिंग मुंबईस मोठ्या हॉटेलांत चाकरीस गेले.

पुढें बाबांस भारी ताप आला, मग उतरलाही, परंतु जिभेची चव गेली ती गेलीच. बाबा कोणास बोलिले नाहींत. सूलानेनें मात्र मीठ अदमासानें पडतें हें ओळखिलें, आणि बाबांची पाठ वळतांच पातेलें चाखोन सावरावें, ऐसीं तीन वर्षें काढिलीं, गिऱ्हाइकांस कांहीं कळलें नाहीं. मग चिरंजीव चाकरी सोडोन परतले, दोन दिवस उगे पाहिलें, आणि भर दुपारीं आचाऱ्यांदेखत बोलिले, "बाबा, तुम्हांला चव लागत नाहीं. ताई मागून सगळें नीट करते. आतां कढई सोडा."

बाबांनीं डाव खालीं ठेविला आणि लेकीस पुसिलें, "कधींपासून?"

ती म्हणाली, "तापापासून."

बाबा माडीवर गेले. राग लेकावर धरावा, तो धरिला लेकीवर, महिनाभर अबोला. सूलान कढईशीं, किटमिंग भाजी चिरावयास, आणि दोघांतही शब्द नाहीं. एकदांच ती भावास म्हणाली, "खरें बोललास. पण चारचौघांत कशाला?" तो कांदा चिरीत राहिला.

मग त्यांच्या चिनी नववर्षाचे सकाळीं बाबा आपण होऊन उतरले, मेजाशीं बसले, आणि बोलिले, "सूलान, वाटीभर सूप आण. आधीं तूं पी, आणि कसें लागतें तें मला सांग."

ती घोट घेऊन म्हणाली, "आधीं आलें लागतें, मग मिरीं..." तेव्हां किटमिंगानें तिच्या हातची वाटी घेतली, चाखिली, आणि हळूच म्हणाला, "शेवटीं जरासें गोड, बाबा. आई करायची तसें."

बाबांनीं वाटी मागोन घेतली आणि तळापर्यंत प्याले.

त्यानंतर बाबा सात वर्षें होते, आणि रोज सकाळीं दोघांपैकीं एकानें चव सांगावी, बाबांनीं ऐकत प्यावें, ऐसा परिपाठ पडला. आतां ती दौलत उरली नाहीं, तेथें चपलांचें दुकान जाहलें. तेथें जेवलेल्या एकानें आठवलें तितकें लिहिलें, इतकेंच वर्तमान.