जिन्यात अडकलेला होकार

इस्माइलियाहून आलेल्या त्या पत्राला लुत्फी मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा थंडी होती. मग वाळूचे वारे येऊन गेले, उन्हाळा आला, इस्माइलियाचे आंबे बाजारात येऊन संपलेसुद्धा. उत्तर अजून मास्तरांच्या डोक्यातच!

पत्र इन्साफबाईंचं होतं. अलेक्झांड्रियातल्या मुहर्रम बेकच्या शाळेत त्या इतिहास शिकवायच्या आणि मास्तर भूगोल. शिक्षकांच्या खोलीत दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी. पण इतक्या वर्षांत साखर, खडू आणि नाईल नदी यांखेरीज मास्तरांनी त्यांच्याशी चौथा विषय काढला नव्हता. निवृत्तीनंतर बाई इस्माइलियाला बहिणीकडे गेल्या आणि तिथून त्यांनी लिहिलं, "इथं संध्याकाळ फार लांबते. भाचा नेटवर्कची परीक्षा देतोय. जेवताना राऊटर राऊटर करत असतो, मला ओ की ठो कळत नाही. तुम्ही असता तर फळ्यावर दोन रेघा मारून समजावलं असतंत. कधी याल?"

कधी याल! दुसरा कोणी असता तर दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसला असता. मास्तरांनी काय करावं? ते पुस्तकाच्या दुकानात गेले!

बेत पक्का होता. आधी राऊटर समजून घ्यायचा. नुसता समजून नव्हे, रीतसर परीक्षा द्यायची, प्रमाणपत्र मिळवायचं, आणि मगच उत्तर लिहायचं. "अर्धवट ज्ञान घेऊन बाईंच्या दारात जायचं नाही!" असं त्यांनी आरशाला ठणकावून सांगितलं. आरशाने हरकत घेतली नाही. आता खरं सांगायचं तर परीक्षा नसती तर मास्तरांनी दुसरं कारण शोधलं असतं. छत्री दुरुस्तीला टाकायची राहिली आहे, एवढंही त्यांना पुरलं असतं.

पुस्तक असं जाडजूड की छातीवर ठेवून डुलकी लागली तर माणूस पापडासारखा सापडावा! शिवाय रम्ल स्टेशनजवळ एक शिकवणी लावली. वर्गात सगळी नातवंडांच्या वयाची पोरं आणि शिकवायला रीहाम नावाची तरतरीत इंजिनियर.

"राऊटर म्हणजे चौकात उभा असलेला माणूस," रीहाम म्हणाली. "पॅकेट, म्हणजे माहितीचं पुडकं, येऊन पत्ता विचारतं, तो आपल्या तक्त्यात बघतो आणि वाट दाखवतो."

"आणि त्याला माहीत नसेल तर?" मास्तरांनी विचारलं.

"तर पॅकेट फेकून देतो."

"फेकून देतो?" मास्तरांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. "वाट विचारणाऱ्याला?"

मास्तरांचा धक्का रास्त होता. अलेक्झांड्रियात कोणालाही पत्ता विचारा, 'माहीत नाही' असं उत्तर यायचं नाही. तो शिष्टाचारच नव्हे! माणूस कालच गावात उतरलेला का असेना, हात लांब करून सांगेल, "सरळ जा, डावीकडे वळा, पुढे कोणालाही विचारा." मास्तर इतके लाजाळू, पण त्यांनीही आजवर कोणाला वाट न दाखवता सोडलं नव्हतं. त्यांच्यामुळे कितीतरी पाहुणे भलतीकडेच गेले असतील. पण एकही दुखावून गेला नाही!

"निदान दुसऱ्याकडे तरी पाठवावं की!" ते पुटपुटले.

"पाठवता येतं, उस्ताज. शेवटी एक ओळ लिहायची, जे ठाऊक नाही ते अमक्याकडे धाडा. फक्त तो अमका कोण, ते नीट बघून लिहा. नाहीतर पॅकेट भटकत राहील. म्हणून तर त्याच्या कपाळावर एक आकडा असतो. दर दाराला एकाने कमी होतो. शून्य झाला की पॅकेट मेलं."

"मग?"

"मग काही नाही. मेलं."

त्या दिवशी मास्तरांना जेवण गेलं नाही. ते रीहामच्या बाकी सूचना विसरले, पण कोणाच्याही दारात न पोचता मेलेलं ते पॅकेट काही डोक्यातून जाईना.

एक गोष्ट मात्र त्यांना मनापासून आवडली. संगणकावरून दुसऱ्या यंत्राला हाक मारायची, आणि ते यंत्र 'आहे' म्हणून परत सांगतं. मास्तर सकाळी चहा ठेवला की तळमजल्यावरच्या राऊटरला हाक मारत. उत्तर येई. दुपारी मारत. येई. वरच्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत मास्तरांना उत्तर देणारं दिवसभरात दुसरं कोणी नव्हतं.

हा राऊटर हाजी सलामांचा. तळमजल्यावर त्यांचं इस्त्रीचं दुकान. सगळ्या इमारतीत इंटरनेट एकट्या हाजींनी घेतलेलं, आणि त्याच्या तारा इमारतीच्या मधोमध उजेडासाठी सोडलेल्या बोळातून, वाळत घातलेल्या चादरींमधून वाट काढत घरोघरी गेलेल्या. वरच्या घरांसाठी गच्चीवर आणखी एक राऊटर होता. ऊन लागू नये म्हणून हाजींनी त्याला फळांच्या खोक्यात बसवला होता. मास्तर शिकवणीला जातात हे कळल्यावर हाजींनी दोन्हींचे परवलीचे शब्द त्यांच्या हवाली केले. "आता तुम्ही इंजिनियरसाहेब!" ते म्हणाले. मास्तर लाजून लाल झाले. पण त्यांनी नाही म्हटलं नाही, हे ध्यानात ठेवा.

परीक्षेचा आदला दिवस. दुपारची नमाज आटोपून हाजी धापा टाकत वर आले.

"उस्ताज, वाचवा! दुसऱ्या मजल्यावर शाहिनाजचं लग्न ठरवायला मंडळी जमलीत. मुलगा कुवेतहून पडद्यावर बोलतोय. पण गाढवासारखा अडतोय हो! एक शब्द बोलतो, थांबतो, दुसरा बोलतो!"

"घाबरू नका, हाजी. आज तुम्ही विद्येचा चमत्कार बघाल!" मास्तर म्हणाले. इतकं मोठं वाक्य ते आयुष्यात प्रथमच बोलले होते.

हाजी खाली गेले. मास्तरांनी खालच्या राऊटरचा तक्ता उघडला. शेवटची ओळ होती, जे ठाऊक नाही ते इंटरनेटच्या कंपनीकडे धाडा. कंपनी? ती तर परकी! ओळखदेख नसलेल्या पॅकेटला ती सरळ फेकून देणार! त्यापेक्षा गच्चीवरचा राऊटर बरा, निदान घरचा तरी आहे. मास्तरांनी ओळ बदलली, जे ठाऊक नाही ते गच्चीवर विचारा. आणि गच्चीवरच्या राऊटरच्या तक्त्यात आधीपासूनच काय लिहिलं होतं? जे ठाऊक नाही ते खाली विचारा!

मास्तरांनी खालच्या राऊटरला हाक मारली. उत्तर आलं. गच्चीवरच्याला मारली. तिथूनही आलं. "फत्ते!" म्हणून त्यांनी पुस्तक उघडलं.

तिकडे दुसऱ्या मजल्यावर शाहिनाजची आई, उम्म शाहिनाज, नेमक्या मुद्द्यावर आल्या होत्या. "लग्नानंतरही पोरगी औषधांच्या दुकानातली नोकरी सोडणार नाही. कबूल आहे का, हुसाम?"

हुसामने तोंड उघडलं. आणि तसाच राहिला! तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, जणू शिंक अडकलेला माणूस. मग पडदा काळा.

"कापलं!" उम्म शाहिनाज ओरडल्या. "नोकरीचं नाव काढलं आणि तुमच्या मुलाने कापलं!"

"माझा मुलगा कापणाऱ्यातला नाही!" मुलाची आई करीमान हानिम, म्हणजे करीमानबाई, ताडकन उभ्या राहिल्या. "तुमचाच संगणक भंगारातला!"

"भंगार? जिभेला हाड आहे का, हानिम? करा ना त्याला फोन!"

"आम्ही का करावा? प्रश्न तुमचा होता, तुम्ही करा!"

"मुलीकडच्यांनी मुलाच्या मागे लागायचं? वा रे वा!"

फोन मेजावर पडलेला, आणि त्याला हात लावणारा कोणी नाही! हाजी बोळात तोंड घालून वर ओरडले, "उस्ताज! मुलगा पार गेला!"

"कंपनीचा दोष!" मास्तरांनी वरून छातीठोक उत्तर दिलं.

पण आवाज चढत गेले. शेवटी मास्तरांनी कुवेतच्या वाटेचा माग काढणारी आज्ञा दिली. पडद्यावर ओळी उमटू लागल्या. खाली, गच्ची, खाली, गच्ची, खाली, गच्ची... मास्तरांच्या कपाळाला घाम फुटला. खालचा वरच्याला विचारत होता, वरचा खालच्याला. दोघेही अत्यंत सभ्य! आणि जगभरची पॅकेटं त्यांच्यामध्ये चढ-उतार करून मरत होती.

त्यांनी घाईघाईने ओळ पूर्ववत केली. इंटरनेट आलं. कोणाला कळलंही नाही! मास्तर सुटकेचा श्वास टाकणार, तोच दार आपटल्याचा आवाज आला. उम्म शाहिनाजनी रागाने संगणकाची वायरच उपटली होती. आणि करीमान हानिम मिठाईची परडी उचलून जिन्यात आल्या होत्या.

आता पुस्तकात तर याचा इलाज नव्हता. मास्तर तसेच जिन्यावरून धावले. एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी दोन्ही हात पसरून करीमान हानिमची वाट अडवली. आजवर त्यांनी कोणा बाईला जिन्यात 'आधी आपण' याखेरीज काही म्हटलेलं नव्हतं.

"हानिम, थांबा! त्याने कापलं नाही! मी... माझी एक ओळ... त्याचा होकार या जिन्यात फिरत होता!"

"कुठल्या जिन्यात?" करीमान हानिमनी वर पाहिलं. उम्म शाहिनाजनी खाली पाहिलं. हाजी सलामांनी तर कठड्यावरून वाकून पाहिलं.

"खालून वर, वरून खाली. कोणी पुढे जाऊच दिलं नाही. चूक माझी आहे. मला परीक्षेला बसायचा अधिकार नाही!"

"म्हणजे तो हो म्हणाला?" उम्म शाहिनाजनी विचारलं.

"ते मला काय ठाऊक? पण नाही म्हणाला नाही, एवढं नक्की. त्याला बोलूच दिलं नाही मी."

दारात शाहिनाज उभी होती. कोरा पोशाख, कानात डूल, डोळे सुजलेले. "नाही म्हणाला असता तरी चाललं असतं, उस्ताज," ती हळूच म्हणाली. "आत जाऊन डूल काढून ठेवले असते, रडून मोकळी झाले असते. पण काहीच नाही! माणसाने बसायचं तरी कसं? हसून बसायचं की रडून?"

मास्तर जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. त्यांना एकदम इस्माइलियाची संध्याकाळ दिसली. दोन हात मांडीवर ठेवून बसलेल्या इन्साफबाई दिसल्या. हसून बसल्या असतील की...

"अहो, बसता काय? वायर लावा!" हाजींनी त्यांना बगलेत हात घालून उठवलं.

पडदा उजळला. हुसाम तिथेच होता! तोच टाय, तीच खुर्ची. वाट बघून बघून बिस्किटाचा पुडा संपवलेला. "ऐकू येतंय का?" तो रडकुंडीला आला होता. "मी केव्हाचा हो हो म्हणतोय! करू दे नोकरी! मी भांडी घासीन! पण कोणीतरी बोला माझ्याशी!"

बायकांनी जिभा हलवून आनंदाचा असा किलकिलाट केला की खाली हाजींच्या दुकानात पोऱ्याच्या हातून शर्ट जळाला. करीमान हानिमनी उम्म शाहिनाजच्या गालांचे मुके घेतले, मिठाईची परडी परत आली, आणि मास्तरांच्या हातात कोणीतरी लाल सरबताचा ग्लास दिला. मग सगळे त्यांना विसरले. मास्तर भिंतीला टेकून सरबत पीत राहिले. ग्लास संपला तसा तो खिडकीत ठेवून वर निघून गेले.

वर येऊन त्यांनी कागद घेतला. डोक्यातल्या उत्तरात राऊटरवर मोठं प्रकरण होतं, आकृत्या होत्या, प्रस्तावना होती. त्यातलं काही त्यांनी लिहिलं नाही. लिहिलं ते एवढंच:

"इन्साफबाई, राऊटर मला अजून नीट कळलेला नाही. उशीर झाला, त्यात राऊटरचा दोष नाही, माझा आहे. गुरुवारी येतो. लुत्फी."

सकाळी कोट घालून, परीक्षेचा कागद एका खिशात आणि पत्राचं पाकीट दुसऱ्या खिशात ठेवून मास्तर निघाले. पोस्ट वाटेतच होतं. पण तो पेन्शनचा दिवस! अलेक्झांड्रियातले सगळे म्हातारे पुढे उभे, आणि तिकिटं त्याच खिडकीत! समोरच्या घड्याळात परीक्षेची वेळ जवळ येत चालली. रांगेतून बाहेर पडलं तर परीक्षा मिळत होती. पण मास्तर स्वतःला ओळखून होते. आज बाहेर पडलं तर पुढच्या आंब्यांपर्यंत पाकीट खिशातच राहणार! ते जागचे हलले नाहीत. परीक्षेची वेळ आली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत निघूनही गेली.

"पोचपावती हवी का?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"नको," मास्तर म्हणाले. "वाट बघायची पाळी आता माझी."

"काय म्हणालात?"

"काही नाही. साधं तिकीट द्या."

त्यांनी स्वतःच्या हाताने पाकीट पेटीत टाकलं. आत ते 'टप्' असं पडलं. मास्तरांनी कान लावून खात्री करून घेतली. मग हात झटकून, छाती काढून पोस्टाच्या पायऱ्या उतरले. आणि शेवटच्या पायरीवर त्यांना आठवलं की कुठल्या गुरुवारी ते लिहायचंच राहिलं!

पेटीला कुलूप होतं. मास्तरांनी फटीत दोन बोटं घालून पाहिली, मग इकडेतिकडे बघत काढून घेतली. आता इलाज एकच. दर गुरुवारी जायचं.