तेल वाढणारी गाडी

गाडी कशी जपावी हे कुणाला शिकायचं असेल, तर त्याने तराजूसाहेबांच्या पार्किंगमध्ये शिकवणी लावावी, असं खुद्द तराजूसाहेबांचं मत होतं. वजनमापे खात्यात तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासल्यामुळे हे नाव त्यांना चिकटलं होतं आणि निवृत्त झाल्यावरही सुटलं नव्हतं.

त्यांच्या डिझेल गाडीचा सगळा प्रवास दोनच ठिकाणांचा. बेकरी सातशे मीटर, वाचनालय नऊशे. वेग तीसच्या आत. सिग्नल लाल झाला की इंजिन बंद, उतार आला की गाडी न्यूट्रल. डिझेल एका वेळी पाच लिटर, कारण भरलेली टाकी म्हणजे फुकटचं ओझं. त्याच हिशेबाने त्यांनी स्टेपनी काढून पलंगाखाली ठेवली होती. यंत्राला काम कमी दिलं की यंत्र जास्त टिकतं, हा त्यांचा सिद्धांत. तीस वर्षांच्या सरकारी नोकरीनंतर तो कुणालाही सुचला असता.

या सिद्धांताला पुरावाही होता. दर रविवारी ते इंजिन ऑइलची दांडी पुसून, बुडवून, डोळ्यांजवळ धरून बघत. लोकांच्या गाडीत ऑइल कमी होतं. यांच्या गाडीत ते वाढत होतं! शेजारच्या टॅक्सीवाल्याला त्यांनी ती दांडी बोलावून दाखवली. टॅक्सीवाल्याची खटारा गाडी रोज दीडशे किलोमीटर धावायची, तिची दारं दोरीने बांधलेली होती, पण इंजिन कसं घड्याळासारखं चालायचं. त्याने दांडीचा वास घेतला, साहेबांकडे बघितलं, आणि गाय न व्यालेल्या घरात दूध कुठून आलं, असं म्हणून निघून गेला. साहेबांना तो मत्सर वाटला.

गाडी खरं तर बायकोची. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हापासून साहेब चालवत होते. सीट तिने पुढे ओढलेली होती, ती त्यांनी तशीच ठेवली होती. त्यामुळे गाडी चालवताना त्यांचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर यायचे आणि लांबून बघणाऱ्याला बेडूक गाडी चालवतोय असं वाटायचं. सीट मागे का घेत नाही, असं कुणी विचारलं तर खटका गंजलाय म्हणून सांगायचे. खटका ठणठणीत होता.

मग एके दिवशी समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागला. चौकोनी डबा आणि त्यात ठिपके, असं चित्र. पावशेर खसखस असावी तसं. साहेबांनी तीन दिवस त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, चौथ्या दिवशी जखमेवर लावायची एक चिकटपट्टी आणून त्यावर डकवली. चिकटपट्ट्यांच्या डब्यातून गाडीसाठी याआधीही एक खर्ची पडली होती.

पट्टी लावून दिवा झाकला गेला, रोग नाही. चढावर गाडी दम खायला लागली. भाजीची पिशवी लावलेल्या सायकलवरून एक आजी त्यांना मागे टाकून गेल्या आणि जाताना वळून विचारून गेल्या, की ढकलायला कुणी हवंय का.

ही बातमी टॅक्सीवाल्याकडून लेकीपर्यंत पोचली. लेकीचा फोन आला. बाबा, तुमचे डोळे, तुमचे गुडघे आणि आता ती गाडी, एकूण तीन आजारी माणसं मी लांबून सांभाळू शकत नाही, असं तिचं म्हणणं. तिच्या ऑफिसातल्या एकाला गाडी हवीच होती. रविवारी चार वाजता तो बघायला येईल.

"आणि गाडी ठीक झाली तर?" साहेबांनी विचारलं.

"ठीक झाली तर ठेवा. पण दिवा लागलेला दिसला, तर किल्ली त्याच्या हातात."

साहेब गुरुवारी सकाळीच गॅरेजमध्ये हजर. गॅरेज एक बाई चालवत होत्या. त्यांनी बॉनेट उघडलं, तेवढ्यात साहेबांनी आपल्या वाढत्या ऑइलची गोष्ट अभिमानाने सांगितली. बाईंनी दांडी नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"काका, हे ऑइल वाढलेलं नाही. यात डिझेल उतरलंय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. धुराच्या वाटेवर एक गाळणी असते. ती काजळी अडवते. गाडी लांब आणि वेगात पळाली की गाळणी तापते आणि काजळी जळून जाते. न पळाल्यास इंजिन थोडं जास्तीचं डिझेल सोडून काजळी पेटवायला बघतं, पण तेवढ्यात तुमची बेकरी येते, तुम्ही इंजिन बंद करता, आणि ते डिझेल ओघळून ऑइलमध्ये जातं. दोन वर्षं हेच चाललंय. चूल पेटली की तुम्ही पाणी ओतता.

बाईंनी ऑइल बदललं आणि औषध सांगितलं: टाकीत पुरेसं डिझेल घाला, हायवेला लागा, चाळीस मिनिटं ऐंशीच्या वेगाने न थांबता. नाहीतर गाळणी नवी बसवावी लागेल, आणि तिची किंमत ऐकून बरेच जण गाडीच विकतात.

साहेबांनी मन घट्ट करून दहा लिटर डिझेल घातलं. पण हायवे? हायवेवर ते आयुष्यात फक्त डावीकडच्या सीटवर बसून गेले होते, डोळे मिटून, "हळू, हळू" म्हणत. म्हणून त्यांनी औषध घरच्या घरी घ्यायचं ठरवलं. चाळीस मिनिटंच ना? शुक्रवारी त्यांनी इमारतीभोवती चाळीस मिनिटं फेऱ्या मारल्या, दुसऱ्या गिअरमध्ये. अकराव्या फेरीला वॉचमनने त्यांना थांबवून विचारलं, की साहेब, तुम्हाला जायचंय कुठे? चौदाव्या फेरीपासून तो उभा राहून सलाम करायला लागला.

दिवा तसाच.

शनिवारी टॅक्सीवाल्याने सल्ला दिला, की फिरूच नका, उभ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरा. साहेबांनी दाबला. पाच मिनिटांनी मागून पांढरा धूर निघाला, दहा मिनिटांनी दुसऱ्या मजल्यावरच्या चादरी दिसेनाशा झाल्या, आणि पंधराव्या मिनिटाला कुणीतरी बोलावलेला अग्निशमन दलाचा बंब घंटा वाजवत फाटकातून आत आला. जवानांच्या प्रमुखाने पाण्याचा पाइप खांद्यावर घेऊनच साहेबांची सगळी हकीकत ऐकली. गाळणी, काजळी, बेकरी, सगळं.

"म्हणजे काका, इथे आग लागत नाही, हीच तुमची तक्रार आहे," तो म्हणाला. "आमच्याकडे अशी पहिलीच."

रविवारी दुपारी लेक आली तेव्हा वॉचमनपासून चौथ्या मजल्यापर्यंत सगळ्यांनी तिला ही गोष्ट वेगवेगळी सांगितली. ती सरळ गाडीत बसली. सीट पुढे-मागे करावीच लागली नाही, तिला ती बरोबर बसली. पिवळ्या दिव्यावरची पट्टी तिने ओढून काढली आणि बाबांना डावीकडे बसायला सांगितलं.

हायवेला लागल्यावर काटा ऐंशीवर गेला. साहेबांनी डोळे मिटले.

"हळू, हळू."

"आईला पण हेच म्हणायचात."

"ऐकायची का ती? बाजार तीन किलोमीटरवर. ही जाऊन आली की काटा बावीस दाखवायचा. रोज मी विचारायचो, सोळा किलोमीटर कुठे सांडले? म्हणायची, गाडीला जरा वारा लागू दे."

"धरणापर्यंत जायचो आम्ही," लेक म्हणाली. "मी सुट्टीला आले की मला घेऊन जायची. खिडक्या उघड्या टाकून. आणि परत आल्यावर सांगायची, बाबांना सांगू नकोस, ते मोजत बसतील."

नवरा मोजून खर्च करतो आणि बायको उधळते, हे साहेबांनी तीस वर्षं चारचौघांत सांगितलं होतं. तिच्या हातात ही गाडी एकदाही आजारी पडली नव्हती, हे मात्र मोजायचं राहून गेलं होतं.

चौतिसाव्या मिनिटाला लेकीने बोटाने दाखवलं. पिवळा दिवा विझला होता.

साहेबांनी डोळे पुसले आणि काचा बंद असूनही वारा लागला म्हणाले. पुढच्या वळणावरून लेकीने गाडी परत फिरवली. किल्ली आता घरातच राहणार होती. साहेबांनी काच खाली केली, कोपर बाहेर काढलं, आणि एकदा तर "जरा पळव की" असंही म्हणाले.

तेवढ्यात गाडीने दोन आचके दिले आणि ती रस्त्याच्या कडेला शांत उभी राहिली.

लेकीने काट्याकडे बघितलं. मग त्याच्या शेजारच्या दुसऱ्या, जुन्या, कडा काळ्या पडलेल्या चिकटपट्टीकडे.

"बाबा, हिच्याखाली काय आहे?"

"डिझेलचा दिवा."

"तो का झाकलाय?"

"पाच लिटरमध्ये तो कायमच लागलेला असतो. किती वेळ बघणार?"

दहा लिटरमधलं निम्मं डिझेल इमारतीभोवती आणि बंबाच्या स्वागतात गेलं होतं. लेक कपाळाला हात लावून बसली असतानाच गिऱ्हाईकाचा फोन आला. तो पार्किंगमध्ये येऊन उभा होता, वेळेच्या आधी. गाडी कुठे आहे, त्याने विचारलं. लेकीला खोटं बोलता येत नाही. हा गुण आईचा नव्हे. गाडी हायवेवर बंद पडलीय, ती म्हणाली. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज साहेबांनाही ऐकू आला.

"बघ," साहेब म्हणाले, "रिकाम्या टाकीचाच फायदा. भरलेली असती तर तो चार वाजेपर्यंत थांबला असता."

लेकीने टॅक्सीवाल्याला फोन लावला आणि कॅन भरून आणायला सांगितलं. मग दोघं काचा खाली करून बसून राहिले. साहेब खाकरले.

"हे सोसायटीत कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगणार. मला सवय आहे."

पण लेकीने न सांगून उपयोग काय? कॅन घेऊन टॅक्सी आली तेव्हा तिच्यात मागे वॉचमन होता, सायकलवाल्या आजी होत्या, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या चादरीवाल्या बाई होत्या. धक्का द्यायला लागला तर, म्हणून आले होते सगळे. आणि त्यांना आणायचं भाडं टॅक्सीवाल्याने किलोमीटर मोजून साहेबांकडूनच घेतलं.