चुरीबाईंची पार्श्वभूमी

लग्नाचा अल्बम हातात दिला की लोक आधी नवरी बघतात. आमच्या चुरीबाई विचारतात, "जेपीजी केलंय काय?" आणि नवरीच्या नाकाजवळ बोट नेऊन म्हणतात, "बघा, नथीभोवती माश्या बसल्यात!"

बोईसरच्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेचे सगळे आलेख चुरीबाई संगणकावर काढतात. माझं टेबल शेजारीच, त्यामुळे माझं शिक्षण फुकटात झालं. जेपीजी म्हणजे शिळी मासळी; फाइल दाबून लहान करताना रेघांभोवती ठिपके उठतात, त्याच त्या माश्या. "पीएनजी कर रे बाबा, रेघ कशी सुईसारखी दिसली पायजे." पांढऱ्या पार्श्वभूमीशी तर त्यांचं जुनं वैर. "तो काय रंग हाय? डोळ्यांत टोचतो नुसता." त्यांच्या प्रत्येक आलेखामागे दुधावरच्या सायीचा रंग असतो. तो जमेपर्यंत त्या चहा गार होऊ देतात.

एकदा मुंबईहून पाहुणे आले. मॅनेजरसाहेबांनी 'भारी दिसतं' म्हणून बाईंचा आलेख काळ्याकुट्ट स्लाइडवर चिकटवला. नेमकी त्यावर साय चढायची राहिली होती, पार्श्वभूमी अजून पारदर्शक होती. आकडेही काळे, मागचा पडदाही काळा. दोन रेघा तेवढ्या अंधारात तरंगत होत्या. साहेब घामाघूम झाले. मागून बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मला सांगितलं असतं तर साय दिली असती."

रिअॅक्टरवर यादवजी आहेत, उत्तर प्रदेशातून येऊन इथेच मुरलेले. तिथल्या भिंतीवर रोजचा आलेख लागतो: लाल रेघ रिअॅक्टरच्या तापमानाची, हिरवी रेघ त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याची. यादवजींनी एकदा भलत्याच रेघेचा आकडा वाचला. आठवड्याने पुन्हा तेच. सुपरवायझर सगळ्यांदेखत ओरडला, "चष्मा लगाओ, नहीं तो गोदाम में बोरी गिनो!" यादवजी मान खाली घालून उभे राहिले. गोदामात बदलीची गोष्ट खरंच निघाली.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवाच आलेख. मागे साय तीच, पण तापमानाची रेघ जाड, गडद निळी आणि पाण्याची बारीक, तुटक, नारिंगी.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"लाल शाई संपत आलीय," बाई म्हणाल्या आणि वळून हाक मारली, "यादवजी, आज कितना है?"

यादवजी पुढे झाले, क्षणभर बघत राहिले आणि मोठ्यांदा आकडा वाचला. अचूक. मग पाण्याचाही वाचला, कुणी विचारलेला नसताना. सुपरवायझरने मान डोलावली. बदलीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी म्हणालो, "बाई, प्रिंटरमधली लाल शाई भरलेली आहे."

"ठाव हाय." त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. "त्यांना लाल-हिरवा सारखाच दिसतो. मी ओळखलं. माझ्या बाबांचं तसंच होतं."

बाईंचं माहेर केळव्याचं. बाबांची सुपारीची वाडी होती. झाडावर चढल्यावर पिकून लालसर झालेला घड कुठला आणि हिरवा कुठला, हे त्यांना कळायचं नाही.

"मग?"

"मग काय! मी खाली उभी राहून ओरडायची, बाबा, हा पिकलाय, तो राहू द्या, डाव्या हाताचा काढा." बाई हसल्या. डोळे मात्र डब्यात होते. "गेले बिचारे. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं, पोरगी लय बडबडी हाय."